साडेसहा तास पुढचा कोच

चिंचेखालच्या तालमीनं आपल्या फुटबॉल टीमसाठी फिजी देशातनं जो कोच बघायला बोलावला, तो साडेसहा तास पुढं होता.

म्हणजे त्याचं घड्याळ पुढं होतं असं नाही. घड्याळ त्याच्याकडं नव्हतंच. तो स्वतःच पुढं होता. फिजीत आपल्यापेक्षा साडेसहा तास आधी उजाडतं. माणूस परदेशात गेला की तिथली वेळ घेतो, ह्यानं घेतली नव्हती. तो कोल्हापुरात उभा राहायचा, पण त्याला दिसायचं ते साडेसहा तासांनंतरचं कोल्हापूर. सकाळी साडेनऊला एखाद्या जागी थांबला, की त्या जागेवर दुपारी चारला जे होणार ते त्याला दिसायचं आणि ऐकू यायचं. साडेनऊला तुम्ही त्याच्या नाकासमोर हात हलवला तरी त्याला पत्ता नसायचा.

त्याचं नाव जोसेवा नावुला. अंगानं म्हशीएवढा, डोक्यावर केसांचं टोपलं, आणि बोलायला तिकडची हिंदी. वेळ का बदलत नाही, हे त्यानं अर्जातच लिहून टाकलं होतं. 'हम जहां जाता, अपना टाइम लेके जाता. दूसरे के टाइम में काम करने से इज्जत नई रहता.' तालमीचे अध्यक्ष बाजीराव आण्णा कारंडे हे वाक्य वाचून खुर्चीतनं उठले होते. "हा आपला माणूस," असं म्हणून ते परत बसले.

दिग्याच्या मात्र हा माणूस पहिल्या दिवशीच डोळ्यात खुपला. दिग्या म्हणजे दिग्विजय सासने, तालमीचा गोलकीपर. दिवसा शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचा आणि संध्याकाळी गोलात उभा राहायचा. सहा वर्षं एक नंबरची जर्सी त्याच्या अंगावर होती. सहा वर्षांत त्या जर्सीत दुसऱ्या कुणाची मान गेली नव्हती.

सकाळी साडेसातला कोच रेल्वेनं उतरला तेव्हा सगळी पेठ हलगी-घुमकं घेऊन फलाटावर हजर होती. आण्णा हार धरून पुढं झाले. कोच त्यांच्या पोटावर आदळला, कशावर आदळलो ते इकडंतिकडं बघितलं, आणि दोन पावलं बाजूला जाऊन रिकाम्या हवेसमोर मान वाकवली. हात जोडले. "एतना फूल?" तो हसत म्हणाला. "अरे भाई, एतना फूल!"

पहिल्यांदा उलगडा झाला तो सेक्रेटरी नंदूमामा टिपकुर्ले यांना. मामा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले. आज सोडलेलं पाणी शेवटच्या शेतात कधी पोचतं, ह्याचा हिशेब करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

"आण्णा, हा दुपारी दोनचा सत्कार घेतोय," मामा म्हणाले. "आपल्याला दोनला परत यायला लागतंय."

"आणि नाही आलो तर?" दिग्यानं विचारलं.

"आलोय की. त्यानं मान वाकवली न्हवं?"

दोनला सगळे परत आले. परत फलाटाची तिकिटं काढली, परत हलगी वाजवली. कोच तेव्हा तालमीच्या माडीवर रात्रीचं जेवण करून ढेकर देत होता. सकाळी जिथं त्याची मान होती तिथं आण्णांनी हार धरला आणि सोडला. हार खाली पडला. मामांनी वहीत लिहिलं, सत्कार झाला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. कमिटीत आण्णा, मामा आणि खेळाडूंचा माणूस म्हणून दिग्या. कामाची पद्धत मामांनी ठरवून दिली. सकाळी साडेनऊला कोचनं खुर्चीत बसून उत्तरं द्यायची, दुपारी चारला कमिटीनं त्याच खुर्चीकडं बघून प्रश्न विचारायचे. चारला खुर्ची रिकामी असणार आणि कोच माडीवर झोपलेला असणार, तरी खुर्चीशी अदबीनं बोलायचं.

सकाळी कोच येऊन बसला. समोरच्या भिंतीकडं बघत, मध्येमध्ये थांबत, तो बोलत गेला आणि मामा लिहीत गेले.

"चार-चार-दो. और कुछ हम नई खेलता."

"शादी हुआ है. तीन लड़की."

"नई, एतना तीखा मटन हम नई खाता."

"ऊ पतला वाला? हां, गोलकीपर हम देखेगा."

मग तो जरा जास्त थांबला, भुवया चढवल्या आणि म्हणाला, "चबाता. पहले आधा तुमको देता, फिर चबाता."

मामांनी तेही लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

दुपारी चारला आण्णांनी टोपी सारखी केली आणि रिकाम्या खुर्चीला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपली खेळायची पद्धत कशी? लग्नकार्य झालंय काय? तांबडा रस्सा चालतोय न्हवं? चौथ्यावर दिग्या आडवा आला.

"आण्णा, माझ्याबद्दल विचारू नका."

"का रं?"

"तुम्ही विचारलं नाही तर तो कशाला बोलतोय? तुम्हीच माझा विषय काढून देताय."

"उत्तर आलंय लेका," आण्णा म्हणाले. "उत्तर घेऊन प्रश्न द्यायचा नाही, ही काय माणुसकी झाली?" आणि खुर्चीकडं वळून त्यांनी विचारलं, "आमचा गोलकीपर आपण बघितलाय काय?"

दिग्याचं टाळकं सरकलं. तालमीत खोड्या काढायला त्याचा हात कुणी धरत नव्हतं. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत साखर टाकून त्यानं एकदा अख्ख्या तालमीला मुंग्या लावल्या होत्या. तो उठला, खुर्चीसमोर वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय मास्तर, चहात माशी पडली तर काढून टाकता का चावून खाता?"

आण्णा ओरडणार एवढ्यात मामांनी बोट वर केलं. वहीवर चष्मा नेऊन त्यांनी पाचवं उत्तर वाचून दाखवलं. "चबाता. पहले आधा तुमको देता, फिर चबाता." मग प्रश्नचिन्ह खोडून तिथं माशीचा प्रश्न लिहिला. "जुळलं," ते समाधानानं म्हणाले.

आण्णा हसून हसून लाल झाले. दिग्या खाली बसला. आजवर त्याच्या खोडीचा सुगावा कुणालाही लागला नव्हता. ह्या माणसानं मात्र खोडी सुचायच्या साडेसहा तास आधीच तिला उत्तर देऊन टाकलं होतं. दिग्याला वाटलं, कुणीतरी आपल्याच खिशात हात घालून आपल्याला गुदगुल्या करतंय.

"मी त्याचं काहीतरी खोटं पाडणार," तो म्हणाला.

"पाड की," मामा म्हणाले. "पाडलंस तर त्याला आधी कळेल."

कोचची खरी परीक्षा रविवारच्या सेमीफायनलला घ्यायची असं ठरलं. सामना तोफखाना तालमीबरोबर होता, दुपारी चारला. तोफखान्यानं त्या वर्षी नायजेरियाचा नऊ नंबर आणला होता, इमेका नावाचा, आणि चौकात त्याचा फ्लेक्स लावला होता. म्हणून आण्णांनी त्याच्यापेक्षा चार फूट उंच फ्लेक्स कोचचा लावला. वर कोच, खाली आण्णा, आणि त्याखाली बेचाळीस शुभेच्छुक. 'आमचा कोच, आमची शान' असं मध्ये लिहिलेलं. अजून कोच ठरला नव्हता, पण फ्लेक्स लागला होता. आणि कोल्हापुरात लागलेला फ्लेक्स उतरवायचा म्हणजे भर चौकात स्वतःचं नाक कापून खुंटीला अडकवायचं.

रविवारी सकाळी साडेनऊला कोच मैदानावर गेला. त्याचा सामना सुरू झाला होता.

मैदानात एक कावळा होता आणि चुन्याच्या रेषा मारणारा माणूस होता. पण बातमी पसरली आणि दहाच्या आत स्टेडियमच्या पायऱ्या भरल्या. चिंचेखालचे एका बाजूला, तोफखान्याचे एका बाजूला, सगळे कोचला बघत बसले. कोच रिकाम्या मैदानाकडं बघून नाचत होता. "पास दे! अरे, बायें दे!" तो डावीकडं पळाला की पायऱ्यांवरच्या माना डावीकडं. त्यानं कपाळावर हात मारला की चिंचेखालचे हळहळायचे. त्यानं टाळी वाजवली की तोफखान्याचे शिव्या घालायचे. सव्वादहाला हाफटाइम झाला तेव्हा त्यानं हवेला झाप झाप झापलं, आणि प्रेक्षकांनी शेंगा फोडल्या.

दिग्या वरच्या पायरीवर बसून सगळं बघत होता. कोच डाव्या गोलकडं बघून तीनदा "शाबाश!" म्हणाला. त्या गोलात दुसऱ्या हाफला दिग्या असणार होता. तिन्ही वेळा दिग्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

अकरा वाजून तेरा मिनिटांनी कोचनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. तो तसाच खाली बसला.

"दोनों टांग के बीच से!" तो किंचाळला. "दरवाजा है क्या? कोई भी आता, कोई भी जाता?" मग उठला, डाव्या गोलकडं बोट केलं आणि एकेक शब्द चावून म्हणाला, "गोल हो गया तो ई गोलकीपर भी हो गया. एक नंबर दूसरे को देगा."

तोफखान्याच्या बाजूची माणसं उठून उभी राहिली. मग हलगी सुरू झाली. मामांनी वहीत वेळ टिपली. आजच्या सामन्यात ते मिनिट अठ्ठ्याऐंशीवं येत होतं.

दिग्या धाडधाड पायऱ्या उतरून मैदानात गेला. डाव्या गोलच्या रेषेवर पाय जुळवून उभा राहिला आणि ओरडला, "ओ मास्तर! हिकडं बघा! कुठाय दरवाजा?" कोचनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याच्या अंगावरनं निघून गेला. त्याला अकरा वाजताचा दिग्या दिसत नव्हता. चुना मारणारा तेवढा म्हणाला, "दादा, रेष ओली हाय, पुसतीया."

साडेबाराला चिंचेखाली तातडीची बैठक बसली.

"एक-शून्यनं हरलोय," आण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, उलट चकाकी होती. "पण कोच काय मिळालाय! मॅच व्हायच्या आधी मॅच बघणारा कोच कुठल्या तालमीकडं हाय? आज दुपारी तेवढं खरं ठरू दे. पाच वाजून त्रेचाळीस मिनिटांनी अख्ख्या कोल्हापूरसमोर त्याच्या हातात नेमणुकीचा कागद देतो."

"मी गोल खाणार नाही," दिग्या म्हणाला.

"खाल्लायस की."

"सकाळी खाल्लाय. त्याच्या वेळंत. माझ्या वेळंत मी अजून मोजे पण घातले नाहीत."

आण्णांनी मामांकडं बघितलं. मामांनी घसा साफ केला. "दिगू, नीट ऐक. आता तुला बॉल कुठनं येणार ते कळलंय. तू आडवलास तर त्यानं बघितलं ते खोटं ठरतंय. खोटं बघणारा कोच ठेवता येत नाही."

"मग नका ठेवू."

"फ्लेक्स लागलाय," आण्णा म्हणाले.

मग आण्णांनी दिग्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "हे बग बाळा. एक गोल. असा पाय किंचित फाकव. कुणाला कळतंय? सहा वर्षांत ऐंशी गोल खाल्लेस, मी कधी बोललो काय? हा एक तालमीसाठी खा."

"त्र्याहत्तर," दिग्या म्हणाला. "आणि ते मी खाल्ले नाहीत, ते आत गेले. मुद्दाम एक खाल्ला नाही."

"आणि एक नंबरचं म्हणशील तर," आण्णा म्हणाले, "तुला बारा नंबर देतो. बाकावर सावली असती."

"आण्णा, बारा नंबर तुम्ही घाला. माझ्या गुडघ्यातनं आज वारा पण जाणार नाही."

"हरामखोरा, स्वतःच्या तालमीच्या विरोधात गोल आडवणार तू?"

"व्हय," दिग्या म्हणाला. "आडवणार."

दुपारी चारला सामना सुरू झाला. बाकाच्या शेजारी कोचची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर त्याचा टॉवेल. कोच माडीवर घोरत होता, कारण त्याचे रात्रीचे साडेदहा वाजले होते. सगळं त्यानं बघितलं होतं तसंच झालं. पास चुकला तिथंच चुकला. हाफटाइमला पोरं खुर्चीसमोर उभी राहिली आणि मामांनी सकाळच्या शिव्या वहीतनं वाचून दाखवल्या. दुसऱ्या हाफला दिग्यानं तीन बॉल काढले. पायऱ्यांवर कुणीच टाळी वाजवली नाही, सगळे घड्याळ बघत होते.

पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी तोफखान्याचा बॉल उजवीकडनं आला. इमेकानं तो छातीवर घेतला, खाली सोडला आणि डाव्या पायानं मारला. फार जोरात नव्हता. साधा, खालचा, सरळ बॉल, रोजच्या सवयीनं घरी यावा तसा दिग्याच्या दोन पायांच्या मधे आला.

दिग्यानं गुडघे मिटले.

बॉल दोन गुडघ्यांच्या मधे, गोलरेषेच्या वीतभर अलीकडं अडकला. थांबला मात्र नाही. बैल दाव्याला ओढ देतो तसा तो मागं ओढ देत होता. त्याला आत जायचंच होतं. सकाळी तो गेलेला होता. दिग्याच्या मांड्या थरथरल्या, टाचा मातीत रुतल्या, पण गुडघे सुटले नाहीत.

"सोड!" पायऱ्यांवरनं आण्णा ओरडले. "सोड लेका!"

"नाही सोडत!"

इमेका धावत आला आणि थांबला. गोलकीपरला लाथ मारली तर फाउल होतो. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रेफ्री हळदकर सर शिट्टी तोंडात धरूनच आले. सर शाळेत पीटी शिकवायचे आणि पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. त्यांनी खिशातनं नियमांचं पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, आणि बराच वेळ वाचलं.

"हातात धरला तर किती सेकंद धरायचा ते दिलंय," शेवटी ते म्हणाले. "गुडघ्याबद्दल पुस्तक गप्प आहे."

"म्हणजे गोल?" तोफखान्याचा कॅप्टन म्हणाला.

"रेष ओलांडली नाही. गोल नाही."

"म्हणजे सेव्ह?" चिंचेखालच्या एका पोरानं विचारलं.

"बॉल अजून जातोय. सेव्ह नाही." सरांनी घड्याळ थांबवलं. "अठ्ठ्याऐंशीवं मिनिट चालू आहे. बॉल कुठंतरी गेल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही."

अंधार पडायला लागला तेव्हा सरांनी जाहीर केलं, की सामना चालू आहे, ज्यांना घरी जायचं असेल त्यांनी जावं. लोक गेले. दिग्या राहिला.

सोमवारी सकाळी त्याची आई डबा घेऊन आली. भाकरी, पिठलं आणि खरडा. फौंड्रीत निरोप देऊन आली होती. तिनं गोलपोस्टला टेकून भाकरी कुस्करली आणि त्याला घास भरवले, कारण त्याचे दोन्ही हात मांड्यांना आवळून होते.

"दुखतंय काय रं?"

"व्हय."

"मग?"

"मग काय? दुखू दे."

आईनं बॉलकडं वाकून बघितलं. बॉल थरथरत होता. "ह्येला एवढी घाई कसली म्हणायची," ती म्हणाली. "मी जातो आता, धुणं राहिलंय. दुपारी ताक आणतो."

साडेनऊला कोच आला. कालच्या सामन्याबद्दल त्याचं मत बदललेलं नव्हतं. गोल झाला होता, त्यानं डोळ्यांनी बघितला होता. पण तो गोलसमोर आला तेव्हा दुपारी चारचा गोलपोस्ट बघत होता, आणि तिथं जे दिसलं त्यानं तो जागच्या जागी थांबला. पोस्टभोवती दोन चकरा मारल्या. वाकून बघितलं. मग मान हलवून म्हणाला, "खड़ा है."

मामांनी लिहिलं. दुपारी चारला आण्णांना येऊन, कोच उभा होता त्या जागेकडं तोंड करून, विचारावं लागलं, "दिग्या अजून उभा हाय काय?" दिग्या तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "आंधळं झालाय काय आण्णा?" तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मैदानातच कमिटी बसली. आण्णांना दिग्याला काढायचं होतं आणि कोचला नेमायचं होतं. दोन्ही कागद खिशात तयार होते. मामांनी वही उघडली.

"कोचचे शब्द असे आहेत," मामा म्हणाले. "गोल हो गया तो ई गोलकीपर भी हो गया. म्हणजे आधी गोल, मग काढणं. गोल त्याच्याकडं झालाय, आपल्याकडं निघालाय, पण पोचलेला नाही. कालव्याचं पाणी सुटलं म्हणून रान भिजलं असं लिहिता येत नाही. तवर दिगूला काढता येत नाही."

"आणि कोचची नेमणूक?"

"त्याचं बघितलेलं खरं ठरल्यावर, असं ठरलंय. ती पण वाटंतच हाय."

आण्णा दिग्याच्या पुढ्यात येऊन उकिडवे बसले. आता त्यांचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. "दिग्विजया. फ्लेक्सवर तुझा फोटो टाकतो. कोचच्या शेजारी. तेवढाच मोठा."

"नको."

"एकटा टाकतो. कोच काढून."

"आण्णा, फोटो टाकायला मी काय गुडघे मिटलेत? मला काढायचं तर मी चुकल्यावर काढा. हा मी चुकायच्या आधीच मला काढून मोकळा झालाय. उद्या माझी पोरं नापास झाली म्हणून आज त्यांना मारील. माझं लग्न पण नाही झालेलं."

"पण त्यानं बघितलंय रं बाबा!"

"बघू दे. त्यानं बघितलं, मी बघितलं नाही. गोल माझ्याकडं आहे. मी देत नाही."

मंगळवारी कोच आला, वाकला आणि म्हणाला, "खड़ा है." ह्या वेळी तो लगेच गेला नाही. पोस्टला पाठ टेकून अर्धा तास बसला. तोफखान्याची पोरं दुसऱ्या गोलवर प्रॅक्टिस करत होती. इमेका रोज पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी येऊन आपल्या जागी उभा राहायचा, कारण सामना चालू होता. मंगळवारी त्यानं दिग्याला खुणेनं विचारलं, चहा? दिग्यानं मान हलवली. दोघांनी चहा घेतला. इमेकानं बॉलला हात लावला नाही. "माय गोल," तो बॉलकडं बोट करून म्हणाला. "येतो तर घे," दिग्या म्हणाला.

बुधवारी सकाळी आण्णा, मामा, दिग्याची आई आणि रिकामटेकडी पंधरा-वीस माणसं गोलजवळ होती. साडेनऊला कोच आला. दिग्याच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. नाक आक्रसलं.

"खड़ा है," तो म्हणाला. "वास मारता. तीन दिन का पसीना. इसको धोया हुआ जर्सी दो."

मग तो थांबला. कान देऊन ऐकावं तसा थांबला. समोर कुणीतरी काहीतरी विचारतंय आणि विचारायला जड जातंय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो वाट बघत राहिला. शेवटी खांदे उडवून म्हणाला, "एक. और कौन नंबर? गोलकीपर का नंबर एक होता."

तो वळला आणि चहाला गेला.

मामांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी वर बघितलं नाही. सगळे आण्णांकडं बघायला लागले.

"हे मी विचारणार नाही," आण्णा म्हणाले.

दिग्यानं फक्त टाचा मातीत आणखी थोड्या रुतवल्या.

दुपारी चार वाजता आण्णा आले. इस्त्रीची टोपी घालून आले होते. गोलसमोर सकाळी कोच जिथं उभा होता, त्या जागेकडं त्यांनी तोंड केलं. हातात एक घडी घातलेली जर्सी होती, पण कितव्या नंबरची ते आत होतं. त्यांनी एकदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा केला. पायऱ्यांवर एव्हाना अर्धी पेठ जमली होती आणि तोफखान्याचीही माणसं होती. आण्णांचे ओठ हलले आणि परत मिटले. बराच वेळ गेला.

मग त्यांनी टोपी काढली आणि रिकाम्या जागेला विचारलं, "कितव्या नंबरची देऊ?"

मामांनी सकाळचं उत्तर वाचलं. आण्णांनी जर्सीची घडी मोडली. एक नंबरच होता. घरनंच आण्णा तो घेऊन आले होते.

दिग्यानं हात वर केले. आईनं घामेजलेली जर्सी डोक्यावरनं ओढून काढली आणि धुतलेली घातली. मान अडकली तेव्हा ती म्हणाली, "गुडघं हलवू नगंस."

"हलवत नाही," जर्सीच्या आतनं दिग्या म्हणाला.

डोकं बाहेर आलं. बॉलनं एक हिसका दिला, दिग्यानं दात ओठ खाऊन तो जिरवला. हळदकर सरांनी पुढं येऊन अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटात जर्सी बदलल्याची नोंद केली, नंबर तपासला, आणि हात वर करून खेळ चालू ठेवायची खूण केली.